घासलेल्या तांब्याची किंमत

त्या शनिवारी सकाळी साडेदहाला दुकानाच्या दाराचं बटण मी दाबलं. आतून बटण दाबल्याशिवाय ते दार उघडत नसे. बटण काउंटरखाली होतं. दुकानाच्या मालकाचे गुडघे दुखायचे, म्हणून मी असलो की ते काम माझं. काचेपलीकडे उभा असलेला माणूस मी ओळखला. तो आठवड्यापूर्वी येऊन गेला होता आणि त्याच्या हातात तीच निळी कापडी पिशवी होती. मला वाटलं, विचार करून परत आलाय, या वेळी त्याच्याशी नीट बोलू. म्हणून मी बटण दाबलं.

पुढचं सांगण्याआधी मी त्या दुकानात काय करत होतो ते सांगायला हवं.

मी अमेरिकेत नोव्हाय नावाच्या गावात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. पुण्यात मेटलर्जी शिकलो, तेच काम इथे करतो. तुटलेला पार्ट माझ्या टेबलावर येतो आणि तो का तुटला हे मी मायक्रोस्कोपखाली बघून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शनिवारी बायको मला एका घरी जुन्या सामानाच्या विक्रीला घेऊन गेली. कुणीतरी वारलं होतं आणि गराजमध्ये टेबलं मांडून सगळं विकायला काढलं होतं. बटणांच्या डब्यात मला एक काळपट तांब्याची चकती दिसली, आपल्याकडच्या ढब्बू पैशाएवढी. तो दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन सेंट होता. सहा डॉलरला घेतला. घरी आलो, चिंच आणि मीठ लावलं, आणि आई तांब्याचे हंडे घासायची तसा घासला. नाणं लखलखलं. बायको म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेव."

देव्हाऱ्यात ठेवण्याऐवजी मी ते नाण्यांच्या दुकानात घेऊन गेलो. नखं रंगवायचं दुकान आणि टॅक्स भरून देणाऱ्याचं ऑफिस यांच्या मधे ते अरुंद दुकान होतं. मालक सत्तरी ओलांडलेला, धिप्पाड. नाण्यांच्या धंद्यात यायच्या आधी तीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात होता आणि दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. तोंडावर मी त्याला सर म्हणायचो, मनात म्हातारा. त्यानं नाणं कडेनं उचललं, बघितलं आणि परत ठेवलं.

"काय लावलंस?"

"एक आंबट फळ असतं. आणि मीठ. आई तांबं तसंच घासायची."

"काल हे तीनशे डॉलरचं होतं," तो म्हणाला. "आज तीसचं आहे." मग ड्रॉवरमधून चॉकलेटी रंगाचं दुसरं नाणं काढून त्यानं माझ्या नाण्याशेजारी ठेवलं आणि स्टूल पुढे सरकवलं. "बस. दोन्हींत काय फरक आहे ते सांग."

मी बसलो, आणि मग चार वर्षं बहुतेक शनिवारी सकाळी तिथेच बसत राहिलो.

जुन्या तांब्याची पारख दोन टप्प्यांत होते. एक ते सत्तर अशी गुणांची पट्टी असते. आधी फक्त झीज बघायची. नाण्यावरच्या बाईच्या केसांच्या बटा किती सुट्या दिसतात, मागच्या बाजूला कोरलेल्या पानांवरच्या शिरा उरल्यात का, त्यावरून गुण ठरतात. मग दुसऱ्यांदा बघायचं, आणि या वेळी त्या नाण्याचं काय काय झालंय ते शोधायचं. ओरखडे, पोचे, कडेवर बसलेले ठोके, ओलीनं पडलेले बारीक खड्डे, कुणी केलेली घासपूस. प्रत्येकाचे गुण कापायचे, उरेल तो खरा आकडा. किंमत त्या आकड्यावर. म्हाताऱ्याकडे वाया गेलेल्या नाण्यांचा एक ट्रे होता. एकाला खिळा ठोकलेला, एकाची कड हातोड्यानं चेचलेली, एकाच्या मधून बंदुकीची गोळी आरपार गेलेली. मला तो ट्रे फार आवडायचा. रोज ऑफिसात मी तेच बघत होतो. कशानं मारलं, कुठून मारलं, किती जोरात मारलं.

आता त्या माणसाबद्दल. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी तो आला. पंचेचाळीसचा असेल, उंच, करड्या रंगाचं कामाचं जाकीट. निळ्या पिशवीतून त्यानं टिशूत गुंडाळलेली वीस नाणी काढून काउंटरवर ओळीनं मांडली. सगळी नव्या नळाच्या पाइपसारखी झगझगत होती. वडील वारले, त्यांनी ठेवलीत, असं म्हणाला.

म्हाताऱ्यानं पहिलं नाणं उचलून खाली ठेवलं आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. "तू बघ."

गिऱ्हाइकासमोर त्यानं मला असं पहिल्यांदाच बघायला दिलं होतं. मी भिंग लावून एकेक बघत गेलो. केसांच्या बटा घासून सपाट झाल्या होत्या. सगळीकडे बारीक रेघा होत्या.

"पॉलिश कुणी केलं?" मी विचारलं.

"वडिलांनी. दर ख्रिसमसला. मी लहान असताना आम्ही दोघं बसून करायचो."

"मग तुमच्या वडिलांनीच यातली किंमत पुसून टाकली."

हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. वीसमधलं एक नाणं साखळीचं चित्र असलेलं होतं, सगळ्यांत जुन्या छापाचं. खरं असतं तर त्या एकात चांगली गाडी आली असती. मी ते मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि त्याला वाकून बघायला सांगितलं. "हे फुगे दिसतात? हे साच्यात ओतलंय. टांकसाळीतल्या नाण्यात असे फुगे नसतात. अशी नाणी लोक फिरायला गेल्यावर आठवण म्हणून विकत घेतात."

"सगळ्यांचे मिळून किती?"

"एकोणीसचे दोनशे साठ. हे धरलेलं नाही."

"वडील म्हणाले होते यातून कर्ज फिटून घर मोकळं होईल."

मी हसलो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार, कारण तो माझ्याकडे बघायचा थांबला. म्हाताऱ्याला म्हणाला, "हा भाव पाडतो आणि तू विकत घेतोस. असं चालतं का इथं?"

"आकडा बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. "पण दुसरीकडेही दाखवा. मी दोन दुकानांचे पत्ते लिहून देतो."

त्यानं पत्ते घेतले नाहीत. एकेक नाणं परत टिशूत गुंडाळलं. दहा मिनिटं तरी लागली. तो गेल्यावर म्हातारा मला म्हणाला, "तू फळ लावून नाणं आणलंस तेव्हा मी तुझ्या आईबद्दल काही बोललो होतो का?"

मी नाही म्हणालो. त्यानं तो विषय तिथेच सोडला.

आणि पुढच्या शनिवारी मी बटण दाबलं.

तो आत आला, पिशवी काउंटरवर ठेवली. मी म्हणालो, "मागच्या वेळी मी जरा..." तेवढ्यात त्यानं जाकिटातून चाक खोलायचा लोखंडी पाना काढला. हातभर लांब असेल. पहिला घाव काचेवर बसला आणि सगळी शोकेस एकदम खाली आली. दुसरा म्हाताऱ्याच्या डोक्यावर, डाव्या कानाच्या वर. लोखंड लोखंडावर, लोखंड काचेवर कसं वाजतं ते मला माहीत आहे. हा आवाज तसा नव्हता, ओला होता. म्हातारा पडला नाही. त्यानं उजव्या हातानं काउंटरची कड धरली आणि तिसरा घाव त्या बोटांवर आला. मग तो माझ्या पायाशी कोसळला.

तो माणूस काहीच बोलत नव्हता. शिव्या देईल, ओरडेल असं मला वाटत होतं. तो फक्त जोरात श्वास घेत होता, जिना चढून आल्यासारखा. काउंटरला वळसा घालून तो आत आला. मी डावा हात वर केला. पाना कोपराच्या खाली लागला. हाड मोडल्याचं मी आधी ऐकलं, दुखलं नंतर.

मी म्हातारा आणि तो माणूस यांच्या मधे उभा राहिलो असं पुढे बरेच जण सांगायचे. मी मधे उभा राहिलो नव्हतो. काउंटरमागची जागा अडीच फुटांची होती आणि मागे भिंत होती. वाट असती तर मी पळालो असतो.

मायक्रोस्कोप शेजारीच होता. जुन्या पद्धतीचा, खाली ओतीव लोखंडाचा जड पाया असलेला. मी उजव्या हातानं तो मानेपाशी धरला आणि फिरवला. पाया त्याच्या जबड्यावर बसला. पाना त्याच्या हातून सुटून काचांत पडला. तो गुडघ्यांवर आला आणि त्यानं दोन्ही हात चेहऱ्याशी नेले. त्याच्या हातात काही नव्हतं. मला ते दिसत होतं. मी थांबायला हवं होतं हेही मला त्याच क्षणी कळत होतं. मी आणखी दोनदा मारलं. एकदा त्याच्या हातांवर, आणि हात खाली गेल्यावर एकदा उजव्या डोळ्यावर.

राग आला होता, भान नव्हतं, असं मी नंतर पोलिसांना सांगितलं. खरं असं की मला पूर्ण भान होतं. वजन हातात नीट बसलं होतं आणि मला बरं वाटत होतं. तिसरा फटका मी नेम धरून मारला.

नखांच्या दुकानातल्या बाईंनी फोन केला होता, पोलीस काही मिनिटांत आले. त्यांना दिसलं ते असं: दोन गोरी माणसं रक्तात पडलेली आणि एक सावळा माणूस हातात रक्ताळलेलं लोखंड घेऊन उभा. "खाली टाक," ते ओरडत होते. माझ्या हातात काय आहे हेच मला उमजेना. मग त्यांनी मला काचांवर पालथं पाडलं, पाठीवर गुडघा दिला आणि दोन्ही हात मागे ओढले. मोडलेला हात वळला तेव्हा मी "आई गं" म्हणून किंचाळलो. इतक्या वर्षांत बाहेर लोकांसमोर माझ्या तोंडून मराठी निघाल्याचं मला आठवत नाही. माझा गाल फरशीला टेकला होता. डोळ्यांसमोर शोकेसमधली नाणी विखुरलेली होती आणि त्यांच्याखालून रक्त सरकत येत होतं. ते म्हाताऱ्याचं की त्या माणसाचं, कळत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये चांगला हात संध्याकाळपर्यंत पलंगाच्या दांडीला बेडीनं बांधलेला होता. मग कुणीतरी दुकानातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघितला आणि बेडी काढली. बायकोला तेव्हा आत सोडलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि केसांतून काचेचा चुरा काढून रुमालात ठेवत राहिली.

आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा अडकलेला होता. माझ्यावर गुन्हा नोंदवला गेला असता तर आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि इथेच जन्मलेली आमची नऊ वर्षांची मुलगी, सामान बांधून परत गेलो असतो. आम्ही वकील केला. सरकारी वकिलांनी व्हिडिओ बघून कळवलं की माझ्यावर काही कारवाई होणार नाही. आमचा वकील फोनवर म्हणाला, "शेवटच्या दोन फटक्यांबद्दल त्यांनी विचारलंही नाही. तुम्हीही तो विषय कुणाजवळ काढू नका." मी नाही काढला. ऑफिसात लोकांनी माझ्यासाठी केक आणला. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका काकांनी मला वाघ म्हटलं. मी अंगठा पाठवला.

म्हाताऱ्याची कवटी तडकली होती. महिनाभर तो हॉस्पिटलमध्ये होता. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. बाकी बोलणं, चालणं, स्मरण सगळं परत आलं, पण नजर आली नाही. त्याला एकाची दोन दिसायची. भिंग लावलं की आणखी वाईट. ज्याच्यावर त्याचं पोट होतं तेच त्याला करता येईना.

मे महिन्यात पोलिसांनी पुरावा म्हणून नेलेली दुकानातली नाणी परत दिली. विम्याच्या कंपनीला प्रत्येक नाण्याचं किती नुकसान झालं याची यादी हवी होती, आणि ती करायला म्हाताऱ्यानं मला बोलावलं. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसलो. माझं प्लास्टर नुकतंच निघालं होतं.

रक्तात मीठ असतं. तांब्यावर ते तीन महिने वाळलेलं राहिलं तर काय होतं ते मी तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. पिशव्यांतून नाणी बाहेर आली ती हिरवी पडलेली. कुठे ठिपके, कुठे पट्टे, आणि एकावर बोटाचा आख्खा ठसा हिरव्या रंगात उमटलेला. मी ठिपक्याखाली टाचणीनं हळूच टोकरून बघायचो, खाली खड्डा पडलाय का. मग आकडा सांगायचो. आधी चाळीस, आता पंधरा. आधी तीस, आता आठ. म्हातारा डोळे मिटून ऐकायचा आणि मधेच प्रश्न विचारायचा. त्याला प्रत्येक नाणं पाठ होतं.

एका नाण्यापाशी आम्ही अडलो. ते त्याचं सगळ्यांत लाडकं होतं, गडद, गुळगुळीत, चाळीसचं. आता त्यावर हिरवा पट्टा होता आणि काचेचा एक लांब ओरखडा.

"पाच," मी म्हणालो.

"ओरखडा चेहऱ्यावर आहे की मागे?"

"मागे."

"पानांवर की मोकळ्या जागेत?"

"मोकळ्या जागेत."

"मग पाच कसे? वीस लिही."

"सर, पाच लिहिलं तर कंपनी जास्त पैसे देईल. तुमचं दुकान गेलंय. कोण बघायला येणार आहे?"

"वीस लिही."

मला काय झालं सांगता येत नाही. मी टेबलावर हाताचा तळवा आपटला आणि ओरडलो, "तुमच्या खऱ्या आकड्यापायीच हे सगळं झालं." नाणी उडाली. म्हाताऱ्यानं झटकन दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खुर्चीत मान खाली घातली. एरवी खुर्चीभर पसरणारं एवढं मोठं शरीर त्या खुर्चीत इतकंसं झालं. तो कापत होता. माझ्यासमोर कापत होता.

मी उठून त्याच्याजवळ जायला लागलो तर तो आणखी आक्रसला. मग मी जागेवरच बसून राहिलो. बऱ्याच वेळानं त्यानं हात खाली घेतले. "कॉफी कर," म्हणाला. मी कॉफी केली. त्यानं उरलेल्या तीन बोटांत कप धरला. "खरा आकडा तूच सांगितला होतास," तो म्हणाला. "आकड्यानं काही झालं नाही." मी यादीत वीस लिहिलं. बाकीची नाणी आम्ही संपवली, पण त्या दिवशी मी जरा जोरात कप ठेवला तरी त्याचे खांदे उचलले जायचे. जूनमध्ये त्याची बहीण येऊन त्याला तिच्याकडे ओहायोला घेऊन गेली. आम्ही अधूनमधून फोनवर बोलतो. हवा, गुडघे, बेसबॉल, असं.

त्या माणसानं गुन्हा कबूल केला. शिक्षा सांगायची तारीख सप्टेंबरमध्ये होती आणि मला निवेदन वाचायला बोलावलं होतं. तो केशरी कपड्यांत बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी होती, जबडा एका बाजूला सरकलेला. मी माझ्या हाताबद्दल वाचलं, म्हाताऱ्याच्या नजरेबद्दल वाचलं. मी त्याला आधीच्या शनिवारी काय बोललो होतो ते वाचलं नाही. ते दोन फटकेही वाचले नाहीत. न्यायाधीशांनी माझे आभार मानले. त्याला कमीत कमी सात वर्षं झाली.

बाहेर पार्किंगमध्ये एक बाई माझ्या गाडीपाशी उभी होती. कोर्टात ती त्याच्या मागच्या बाकावर बसलेली मी बघितली होती.

"मी त्याची बायको," ती म्हणाली.

मला वाटलं ती मारणार. मी हात खालीच ठेवले.

"मी व्हिडिओ बघितला," ती म्हणाली. "तो पडल्यावर तुम्ही अजून दोनदा मारलंत." मग तिनं डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर हाड वाकडं जुळलेलं होतं. डॉक्टरकडे न जाता जुळलेलं, हे मला बघताक्षणी कळलं. "हा पाना नव्हता. हा दरवाजा होता, त्यानं माझ्या हातावर आपटलेला. त्याला अकरा वर्षं झाली. मी त्या दोन फटक्यांसाठी तुमचे आभार मानायला थांबले."

"मी तुमच्यासाठी मारले नव्हते," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"आधीच्या आठवड्यात मी त्याला त्याच्या वडिलांवरून बोललो होतो."

"त्या दिवशी तो घरी आला," ती म्हणाली, "तेव्हा मी घरी होते." एवढं बोलून तिनं बाही खाली केली आणि ती तिच्या गाडीकडे गेली. मी गाडीत बसलो. बराच वेळ चावी फिरवली नाही. म्हणजे माझ्या त्या एका वाक्याचा पहिला मार दुकानात पडलाच नव्हता.

दुपारी घरी आलो. बायको ओट्यापाशी लसूण सोलत होती. मी बूटही न काढता स्टुलावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. वडिलांवरून मारलेला टोमणा, मोकळे हात, नेम धरून मारलेला फटका, आणि मारताना बरं वाटलं ते. म्हाताऱ्यानं डोक्यावर घेतलेले हात. ती बाई. मी सांगत असताना तिनं लसूण सोलणं थांबवलं नाही.

"व्हिडिओ मी फेब्रुवारीतच बघितला," ती म्हणाली. "वकिलानं दोघांच्या ईमेलवर पाठवला होता. तू औषधानं झोपला होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू कुणालाच काही सांगत नव्हतास." तिनं सालं गोळा करून डब्यात टाकली. "त्यानंतर दोन महिने मी पोरीला तुझ्याजवळ एकटं ठेवलं नाही. क्लासला, ग्रोसरीला, माझ्या मीटिंगला, कारमध्ये बसवून सगळीकडे नेलं. तुला वाटलं तुझा हात मोडलाय म्हणून मी सगळं करतेय."

मला तेच वाटलं होतं. उलट मी तिला म्हणायचो, अगं राहू दे ना तिला घरी, मी आहे.

"तुला भीती वाटली माझी," मी म्हणालो.

"हो."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी तिच्यावर कधी आवाजही चढवला नव्हता. ते मी म्हणणार होतो. म्हणालो नाही.

"आणि आता?"

तिनं विचार केला. ती नागपूरची, आणि तिकडची माणसं मनात असेल ते लगेच बोलतात असं ती नेहमी म्हणते, पण या उत्तराला तिला वेळ लागला.

"आता ठेवते," ती म्हणाली. "पण लक्ष असतं माझं."

वरून मुलगी पोहण्याची बॅग घेऊन धाडधाड उतरली. "हू इज टेकिंग मी टुडे?" तिनं विचारलं. मी बायकोकडे बघितलं. तिचे हात लसणानं चिकट झाले होते. ती नळाखाली हात धुवायला लागली आणि मागे न बघता म्हणाली, "बाबा."

मुलगी दाराकडे गेली. माझे बूट अजून पायातच होते. गाडीत बसल्यावर ती मागच्या सीटवरून तिच्या मैत्रिणीच्या भांडणाबद्दल काहीतरी सांगत होती, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि सावकाश गाडी बाहेर काढली.